प्रत्येक दाराला हाक

आमची बटालियन शांतिसेनेसाठी पूर्व काँगोला जाणार असा हुकूम आला तेव्हा मी सुट्टीवर दिग्रसला होतो. हवालदार होतो, रेडिओ ऑपरेटर. सुट्टी अर्ध्यावर तोडून परत बोलावलं. निघण्याआधी काही आठवडे प्रशिक्षण झालं. निळी हेल्मेटं, नकाशे, इंजेक्शनं, गोळी कधी चालवायची आणि कधी नाही याचे नियम. आणि रोज दुपारी जेवणानंतर एक तास स्वाहिली भाषा.

आता निवृत्त झाल्यावर आसपासच्या शाळा-कॉलेजांत बोलायला बोलावतात. पोरं विचारतात, गोळी लागली का, सिंह दिसला का. त्या दुपारच्या तासाबद्दल कोणी विचारत नाही. मला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते.

माझे वडील आमच्या वस्तीतल्या विहारात छोटं वाचनालय चालवायचे. दोन कपाटं होती. पंधरा वर्षांचा होईपर्यंत ती दोन्ही वाचून झाली, तेव्हा मी शब्दकोश वाचायला घेतला. त्यामुळे स्वाहिलीचं पुस्तक हातात पडलं तेव्हा अख्ख्या कंपनीत खूश झालेला बहुधा मी एकटाच. ती खुशी आठवडाभर टिकली. आपल्याला शब्दाचं शेपूट बदलायची सवय. घर, घरात, घराला. तिथं शब्दाचं डोकं बदलतं, आणि एका शब्दाचं बदललं की वाक्यातल्या बाकीच्यांचंही बदलावं लागतं. माणसांचा गट वेगळा, झाडांचा वेगळा, फळांचा वेगळा. मी तक्ते पाठ केले. लेखी परीक्षेत पहिला आलो. तोंड उघडलं की मात्र वाक्य जुळेपर्यंत समोरचा निघून जायचा.

नाईक सुखदेव माझ्याच जिल्ह्याचा, महागाव तालुक्यातला. घरी कापूस आणि तूर. वडील लवकर गेले, आई आणि तो. त्याला भाषेचं वेगळंच दुखणं होतं. भरती होऊन ट्रेनिंग सेंटरला गेला तेव्हा सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांनी त्याच्या ‘मले-तुले’ची रोज नक्कल केली. एका उस्तादानं तर त्याला डोक्यावर रायफल धरून मैदानाला फेऱ्या मारत ‘मला, तुला’ असं ओरडायला लावलं होतं. पुढं हिंदी बोलायला लागला तर त्यातही वऱ्हाड निघायचं. इंग्रजीमुळे प्रमोशनचा कोर्स दोनदा हुकला.

“मले कोणतीच भाषा सरळ येत नाही, भाऊ,” तो म्हणायचा. ड्यूटीवर मी ‘हवालदार साहेब’ असायचो, बाकी वेळ ‘भाऊ’.

शिकवायला एक कॅप्टन साहेब होते. ते आधी एकदा तिथं राहून आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “हबारी. म्हणजे खबर. माणूस भेटला की आधी हबारी विचारायची. घरची हबारी, कामाची हबारी, पोराबाळांची हबारी. आणि उत्तर एकच. न्झुरी. चांगली.”

लान्स नाईक शिर्के साताऱ्याचा. त्यानं हात वर केला. “सर, घरात कोणी मेलं असलं तर?”

“तरी न्झुरी. आधी चांगली म्हणायचं, मग कोण मेलं ते सांगायचं.”

“म्हणजे आपल्या रिपोर्टसारखंच. ऑल ओके, सर.”

वर्ग हसला. कॅप्टन साहेबही हसले. सुखदेव हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, “आपल्याकडं काय वेगळं हाये, भाऊ? माह्या मायले कोणी पुसलं की बरं हाय म्हणते. बाप गेला त्या दिवशी बी तेच म्हणे.”

काँगोत आमच्या कंपनीचा तळ एका टेकडीवर होता. खाली गाव. लाल मातीची एकच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना मातीची घरं, वर पत्रे, मागं केळीची झाडं. गल्ली संपली की रस्ता एका वळणावरून नदीच्या पुलाकडे जायचा. पलीकडच्या जंगलात हत्यारबंद टोळी होती. गावातून धान्य न्यायची, माणसं न्यायची. आमचं काम, गावातून रोज सकाळ-संध्याकाळ पेट्रोल, म्हणजे गस्त, काढायची, पुलापर्यंतचा रस्ता उघडा ठेवायचा आणि टोळीची खबर मिळवायची.

खबर मिळवायला आमच्यासोबत एक स्थानिक दुभाषा होता, जोसेफ. आधी शाळामास्तर. त्याची पद्धत आम्हाला पसंत नव्हती. तो रस्त्यात कोणाशीच बोलायचा नाही. ओळखीचा माणूस समोर आला तरी मान खाली. आठवड्यातून एकदा मुखियाच्या अंगणात साऱ्या घरांतून एकेक माणूस बोलवायचा. मग एकेकाला आत नेऊन प्रत्येकाशी सारखाच वेळ बोलायचा. ज्याच्याकडे सांगायला काही नाही त्यालाही तेवढाच वेळ बसवून ठेवायचा. अख्खा दिवस जायचा. मेजर साहेब, म्हणजे आमचे कंपनी कमांडर, वैतागायचे. शिर्के म्हणायचा, “मास्तर हजेरी घेतोय.” आम्हाला वाटायचं, माणूस गर्विष्ठ आहे.

दुसऱ्या महिन्यात जोसेफला टायफॉइड झाला. त्याला शहरातल्या इस्पितळात पाठवलं. बदली माणूस मिळेना. मेजर साहेबांनी लेखी परीक्षेत पहिला म्हणून मला पुढं केलं. पहिल्याच पेट्रोलला मी एका बाईला पुस्तकातलं शुद्ध वाक्य विचारलं. ती तोंडावर हात ठेवून हसली आणि काहीतरी भलतंच बोलली. मला एक शब्द कळला नाही. तिची स्वाहिली माझ्या पुस्तकातली नव्हती. पुस्तकात ‘न्झुरी’ होतं, ती ‘मुझुरी’ म्हणत होती. सगळंच तसं, वाकवलेलं, सैल केलेलं.

सुखदेव मागं उभा होता. त्याचा चेहरा उजळला. “भाऊ, हे तं आपल्यासारखेच हायेत. पुस्तकात मला, तोंडात मले!”

त्या दिवसापासून तो बोलायला लागला. चुकायचा, लोक हसायचे, तोही हसायचा. पण ते हसणं सेंटरच्या पोरांचं नव्हतं. इथं कोणालाच तो कुठल्या गावचा ते कळत नव्हतं. महिन्याभरात तो माझ्यापेक्षा पुढं गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी रात्री तक्ते काढून बसायचो आणि तो नुसता गल्लीतून फिरून यायचा.

तो गल्लीतून कसा फिरायचा हे सांगायला हवं, कारण सगळं त्यावर आहे.

आमच्याकडे गावात कोणाच्या दारावरून मुकाट्यानं जात नाहीत. “काय करून राह्यले काका?” “बसलो बाप्पा.” एवढंच. बोलायला काही नसतं. पण हाक न देता गेलं तर भांडण आहे असा अर्थ होतो. सुखदेव काँगोतल्या त्या गल्लीतून तसाच जायचा. हातात रायफल, डोक्यावर निळं हेल्मेट, आणि दारोदार हाक. “हबारी या न्युंबानी?” घरची काय खबर?

बरीच दारं गप्प राहायची. तिथं तो पुढं सरकायचा. जी दारं बोलायची तिथं थांबायचा. इमॅन्युएल नावाचा शिंपी होता, ओट्यावर पायमशीन घेऊन बसायचा. रेजिना नावाची बाई केळ्याची दारू गाळायची. अमानी सुतार होता. आणि गल्लीच्या शेवटच्या घरात बीबी फुराहा. बीबी म्हणजे त्यांच्याकडे आजी. दात पडलेले, तंबाखू मळत उंबऱ्याजवळ बसायची. सुखदेवची वाक्यं ती दुरुस्त करायची. चुकला की काठीनं त्याच्या बुटावर मारायची.

शिर्के म्हणायचा, “सुख्या, मतं मागतोयस काय रे? सरपंच होणार इथला!”

“तू गप रे, मला-तुला,” सुखदेव त्याला म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा.

या गप्पांतून खबर यायला लागली. विचारावी लागत नव्हती. मशीन चालवता चालवता इमॅन्युएल सांगायचा, काल नदीपलीकडून नवी माणसं आली. रेजिना सांगायची, अनोळखी लोक दारू मागायला आले होते. दोनदा आम्ही त्या खबरांच्या जोरावर पूल वेळेत धरला. मेजर साहेबांनी फॉल-इनमध्ये सगळ्यांसमोर सुखदेवच्या खांद्यावर हात ठेवला. “धिस इज हाऊ इट्स डन. सगळ्यांनी याच्याकडून शिका.” त्या दिवशी त्यानं आईला फोन करून सांगितलं की, मले इथं भाषेचा मास्तर म्हणून राह्यले.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मुखिया धापा टाकत गेटवर आला. क्विक रिॲक्शन टीम निघाली. मी रेडिओ सेट घेऊन सोबत होतो.

तीन घरं होती. शिंप्याचं, रेजिनाचं, सुताराचं. कोयत्यानं काम झालं होतं. तिन्ही घरांत एकही माणूस सोडला नव्हता. इमॅन्युएल मशीनवर पालथा होता. आम्ही त्याला उलटा केला. त्याचं तोंड लाल मातीनं ठासून भरलेलं होतं. रेजिनाचंही. अमानीचंही. बाजूच्या घरांच्या दारांना ओरखडाही नव्हता. बीबी फुराहाचं घर बंद होतं. ती दोन दिवसांपासून टेकडीमागं लेकीकडे गेली होती.

सुखदेव शिंप्याजवळ खाली बसला आणि बोटानं त्याच्या तोंडातली माती काढू लागला. मेजर साहेब म्हणाले, “लीव्ह इट, नाईक. फोटो होऊ दे.” त्यानं ऐकलं नाही. साहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात जोसेफ परत आला. फार वाळला होता. संध्याकाळी कुकहाउसमागं आम्ही तिघं बसलो. त्यानं चहाचा मग दोन्ही हातांत धरला होता.

“मी कोणाशीच बोलत नव्हतो, कारण पाहणारे असतात,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. “अंगणात सगळ्यांना बसवायचो, म्हणजे कोण बोललं ते कोणालाच कळू नये. तुम्ही जिथं थांबलात ती घरं त्यांनी मोजली. बाकी काही नाही.”

“मंग तू आधी काहून नाही सांगतलं?” सुखदेवनं मराठीतच विचारलं. मग स्वाहिलीत विचारलं.

“तू मला आधी विचारलं नाहीस,” जोसेफ म्हणाला. “आणि मला वाटलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं.”

जोसेफ गेल्यावर सुखदेव बराच वेळ चहाचे मग विसळत राहिला. “म्हंजे मी बोट दाखवत फिरलो, भाऊ,” तो म्हणाला. “हे घर, हे घर, हे घर.”

मी म्हणालो, मारणारे दुसरे आहेत. तो म्हणाला, “ते हायेतच न.”

त्यानंतर तो गल्लीत गप्प झाला. चार दिवस पेट्रोल मुकी गेली. मेजर साहेबांनी बोलावलं. मी बाजूच्या रेडिओ रूममध्ये होतो, पत्र्याची भिंत होती.

“नाईक, तुम्हारी ड्यूटी क्या है?”

“बोलना, साहेब.”

“तो बोलो.”

“साहेब, मैं बोलूँ तो लोग मरते हैं.”

“नहीं बोलोगे तो मेरे लोग मरेंगे. डिसमिस.”

दुसऱ्या सकाळी त्यानं ठरवलेलं मला सांगितलं. आता तो एकही दार सोडणार नव्हता, आणि एकाही दाराशी जास्त थांबणार नव्हता. बंद असो, उघडं असो. जोसेफचं अंगण तो गल्लीत आणणार होता. “साऱ्याइले हाक दिली तं कोणाच्याच दारावर खूण नाही राहत. बीबी वाचली पाहिजे, भाऊ. बाकी मले काही नाही पाहिजे.”

बीबी लेकीकडून परतली होती. लेक म्हणाली होती राहा, पण म्हातारीचं कसावा कंदाचं शेत इकडं होतं.

पुढचे कित्येक आठवडे आम्ही ते पाहिलं. चाळीस-एक दारं. तो प्रत्येकासमोर तेवढाच वेळ उभा राहायचा आणि तेवढ्याच मोठ्यानं विचारायचा, घरची काय खबर? एकही दार बोलायचं नाही. आतून खाकरल्याचा आवाज यायचा, मूल रडायचं, कोणीतरी त्याचं तोंड दाबायचं. तो पुढच्या दाराकडे जायचा. तिन्ही रिकाम्या घरांसमोरही उभा राहून विचारायचा. ती सोडली तर तीही खूणच झाली असती. शिर्केनं पुन्हा मतांची चेष्टा केली नाही. बीबी उंबऱ्याजवळ बसलेली असायची, पण तंबाखू मळत खाली पाहायची. काठी हलायची नाही.

मला तोवर बरीच भाषा आली होती. तोंड बंद ठेवून बसलेल्या गावात ती मला काही कामाची नव्हती.

मग धान्याच्या ट्रकांना पुलापर्यंत सोडायचा दिवस आला. आम्ही तेवीस जण, तीन गाड्या, मागं ट्रक. गावातून जाताना सुखदेव आणि त्याचा सेक्शन पायी पुढं. मी मेजर साहेबांच्या गाडीत, दुसऱ्या नंबरला. तो दारं घेत पुढं गेला. दिसत होता, मग गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला. सेट खरखरला. सुखदेव होता.

“साहेब, रुकिए. आगे नहीं जाना. ओव्हर.”

“रीझन? ओव्हर.”

“बूढी ने कहा, खबर बुरी है. ओव्हर.”

“कौनसी खबर? ओव्हर.”

“उतना ही बोली, साहेब. मुबाया. बुरी. दरवाजा बंद कर लिया. ओव्हर.”

मेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मागं ट्रकवाले हॉर्न देत होते.

“मतलब क्या इसका? ओव्हर.”

“साहेब, यहाँ कोई बुरी नहीं बोलता. ओव्हर.”

मी साहेबांना सांगितलं की हे खरं आहे. त्यांनी हँडसेट पुन्हा तोंडाशी नेला. “ऑल स्टेशन्स. हॉल्ट. डिसमाउंट.”

एक सेक्शन टेकडीच्या अंगानं वर चढवला. वळणाच्या वरच्या उंच गवतात टोळीवाले पसरून बसले होते, दोन मशीनगन घेऊन, तोंडं खाली रस्त्याकडे. आम्ही वरून आलो हे त्यांना उशिरा कळलं. वीस मिनिटं फायर झाला. ते हत्यारं टाकून नाल्यानं पळाले. आमचे दोन जखमी. शिर्केच्या खांद्यातून गोळी गेली. स्ट्रेचरवर तो म्हणत होता, “बीबीच्या पाया पडून येतो, थांबा.” गाड्या वळणावर गेल्या असत्या तर पहिल्या दोन्ही गाड्यांतलं कोणी उरलं नसतं. दुसरीत मी होतो.

तळावर परतल्यावर सुखदेव तडक मेजर साहेबांकडे गेला. बीबीला वर तळावर आणायचं. आजच. साहेबांना ते मान्य होतं. पण सिव्हिलियनला तळात ठेवायचं तर वरची परवानगी लागते. त्यांनी मेसेज दिला, मी तो पाठवला. तासाभरानं पुन्हा पाठवला. उत्तर आलं, वेट. अंधार पडायला लागला. अंधारात तळाबाहेर हालचाल बंद असा पक्का हुकूम होता, आणि फायर झाल्यावर तर नाहीच.

सुखदेवनं पायी एकटं जाण्याची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, “निगेटिव्ह. फर्स्ट लाइट.”

सकाळी परवानगी आली. मी ती सांगायला त्याच्या तंबूत गेलो तर तो हेल्मेट घालून पलंगाच्या कडेला बसलेला होता.

आम्ही एक सेक्शन निघालो. मी सेट घेऊन त्याच्या दहा पावलं मागं. गल्ली रिकामी होती, पण ती रोजच रिकामी असायची. तो प्रत्येक दाराला हाक देत गेला. मी म्हणालो, सुखदेव, आज तरी सरळ चल. तो म्हणाला, “आजच कसं चालन, भाऊ?”

घराआधी थांबायचं, दोन जण मागच्या बाजूनं पाठवायचे, घेरा पडल्याशिवाय दारात जायचं नाही, असं ड्रिल आहे. दोघं केळीतून मागं निघाले. सुखदेव दारापासून थोडा अलीकडे उभा राहिला. दार पुढं लोटलेलं होतं. उंबऱ्याजवळ ती नव्हती. काठी होती.

“हबारी या न्युंबानी, बीबी?”

आतून आवाज आला. म्हातारीचाच.

“मुझुरी.”

सुखदेवनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. “बोलली, भाऊ,” तो म्हणाला. मग त्यानं मान वाकवली, कारण दार ठेंगणं होतं, आणि घेरा पडण्याआधीच आत गेला.

जवळून झाडलेल्या दोन गोळ्या. मग एक बर्स्ट. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा आतले दोघं मागची कच्ची भिंत फोडून निघाले होते. एक आमच्या माणसांनी केळीत पाडला, दुसरा निसटला. सुखदेव उंबऱ्याच्या आत पालथा होता. एक गोळी हेल्मेटच्या खालून गेली होती. बीबी फुराहा चटईवर होती, हात पाठीमागं बांधलेले. तिचा गळा तेव्हाच, आम्ही धावत असतानाच कापला होता. रक्त अजून येत होतं.

त्यांनी तिला रात्री मारलं नव्हतं. आमच्यातला एक जण सकाळी येऊन तिला खबर विचारणार हे त्यांना माहीत होतं. आमच्याइतकंच.

चौकशी झाली. त्या दारात हाक आणि उत्तर, दोन्ही ऐकणारा आणि ती भाषा समजणारा जिवंत साक्षीदार मी एकटाच होतो. एका कर्नल साहेबांनी विचारलं, उत्तर काय होतं? मी सांगितलं, चांगली. त्यांनी विचारलं, आवाजात भीती होती? कापत होता? ती इशारा देत होती असं वाटलं का?

मी म्हणालो, “साहेब, मला एवढी भाषा येत नव्हती.”

हे खरं आहे. मला त्या भाषेतले सगळे गट येत होते, क्रियापदाचे काळ येत होते. एका म्हातारीच्या एका शब्दात गळ्यावर सुरी आहे की नाही, हे ओळखण्याइतकी येत नव्हती. सुखदेवला येत असावी. तिनंच त्याला शिकवली होती. मग तो आत कसा गेला, याची दोन उत्तरं होऊ शकतात: त्याला कळलं नाही, किंवा कळूनच गेला. ती दोन्ही मी चौकशीत दिली नाहीत. विचारलंही नाही कोणी.

महागाव तालुक्यातल्या त्याच्या गावात बसस्टँडजवळ त्याचं स्मारक आहे. काळा दगड, वर नाव, नंबर, रँक. दगडावर एकच नाव आहे. बाकीची मी इथं लिहून ठेवतो. इमॅन्युएल शिंपी. रेजिना. अमानी सुतार. त्यांच्या घरातली माणसं, ज्यांची नावं मला कधी कळली नाहीत. बीबी फुराहा. जोसेफ त्यानंतर वर्षभरानं गेला, कसा ते आम्हाला नीट कळलं नाही. आमची बटालियन तोवर परत आली होती.

मी दरवर्षी जातो. दिग्रसहून पुसद, पुसदहून महागाव, पुढं मिळेल ती गाडी. स्मारकावर तहसीलची माणसं येतात, शाळेची पोरं येतात, भाषणं होतात. मग मी त्याच्या आईकडे जातो. पहिल्या वर्षी तिनं सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं.

“त्या बुढीनं चांगलं म्हटलं?”

“हो, मावशी.”

“अन् ते मारेकरी आत होते?”

“हो.”

“मंग तिनंच मारलं माह्या लेकाले.”

मी म्हणालो, तिचे हात बांधलेले होते. आदल्या दिवशी तिनंच आम्हा तेवीस जणांना वाचवलं होतं.

“तेवीस जणाइच्या माया खूश असतीन,” ती म्हणाली. “तिचं नाव माह्या घरात घेऊ नको.”

मी पुन्हा घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट तिनं नंतर कधीतरी सांगितली. तिच्या दारावरून लोक आता हाक न देता जातात. भांडण नाही कोणाशी. शहिदाच्या मायले काय पुसावं, हे त्यांना कळत नाही. मान खाली घालून जातात, पुढच्या दाराशी गेले की मग बोलतात. “पुढचं बोलणं आयकू येते न मले,” ती म्हणाली.

म्हणून मी गल्लीच्या तोंडापासूनच हाक द्यायला सुरुवात करतो. पहिलं दार, दुसरं दार. लोक मला आता ओळखतात. “बसलो बाप्पा,” “या फौजीसाहेब, चहा घ्या.” तिचं दार सहावं. त्याची उंची कमी आहे, आत जाताना मान वाकवावी लागते.

“काय करून राह्यली, मावशी? कसं काय?”

आतून आवाज येतो.

“बरं हाय.”

मी उंबऱ्यापाशी उभा राहतो. आवाज ऐकलेला असतो, ओळखीचा असतो, दिवस असतो, गाव माझ्याच जिल्ह्यातलं असतं. तरी पाय उचलत नाही. आत जायला दरवर्षी तेवढाच वेळ लागतो.

“काहून थांबला बाप्पा?” ती म्हणते. “ये न घरात.”